बाईंचे चाळीस फोटो आणि स्टोअरकाकांचे शेरे

फोटोंवर मजकूर लिहायला किती दिवस लागतील, असं शाळेच्या हेडक्लार्कने विचारलं, तेव्हा स्टोअरकाकांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं.

"चाळीसच ना? एक दुपार," ते म्हणाले. "जेवण धरून."

हा आत्मविश्वास उसना नव्हता. काकांनी पाणीपुरवठा खात्याच्या स्टोअरमध्ये पस्तीस वर्षं काढली होती आणि सात हजार दोनशे वस्तूंना स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहू नयेत म्हणून त्यांनी घर चिठ्ठ्यांनी भरून टाकलं. साखरेच्या डब्यावर 'साखर' होतं, मिठाच्या डब्यावर 'मीठ (साखर नव्हे)' होतं. घरातल्या झाडूवर 'झाडू, घरातला' आणि गॅलरीतल्या झाडूवर 'झाडू, बाहेरचा, आत आणू नये'. मुलगी शाळेत असताना तिच्या कंपासपेटीतल्या खोडरबरावरसुद्धा चिठ्ठी होती आणि खोडरबर झिजत गेलं तशी काका त्या चिठ्ठीवर 'अर्धं', मग 'पाव' अशी दुरुस्ती करत गेले. अशा माणसाला चाळीस फोटोंचं काय कौतुक? फरक इतकाच, की इथे डिंकाऐवजी मोबाइल होता. मोबाइल काकांना येत होता. म्हणजे त्यावर बोलता येत होतं आणि तो चार्जिंगला लावता येत होता.

प्रकरण असं होतं. काकांची बायको मुलींच्या आणि मुलांच्या एका मोठ्या शाळेत मुख्याध्यापिका होती. सगळा गाव तिला 'मोठ्या बाई' म्हणे, आणि काका चारचौघांत 'बाई' म्हणत. तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर बाई या महिन्यात निवृत्त होत होत्या. शनिवारी निरोप समारंभ होता. त्यात बाईंचे जुने फोटो मोठ्या भिंतीवर दाखवायचे आणि प्रत्येक फोटोखाली दोन ओळी लिहायच्या, असं कार्यक्रम समितीने ठरवलं होतं. फोटो घरचे, मजकूरही घरचाच, पण तो बाईंना आधी कळता कामा नये. त्या दोन ओळी म्हणजे बाईंना अचानक मिळणारी भेट होती.

बाईंनी फोटोंचा पत्र्याचा डबा काकांपुढे आणून ठेवला. डब्यावर अर्थातच 'फोटो, शाळेचे' अशी चिठ्ठी होती.

"अहो, एक सांगू?" बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तेहतीस वर्षांत माझ्या शाळेच्या एकाही समारंभाला तुम्ही आला नाहीत. मी कधी काही बोलले का? नाही ना? आता हे एक तरी नीट करा."

"अगं, मोजणी असायची," काका म्हणाले.

हे खरं होतं. स्टोअरची वार्षिक मोजणी आणि शाळेचा वार्षिक समारंभ दरवर्षी एकाच आठवड्यात यायचे आणि मोजणी चालू असताना स्टोअरकीपरने जागा सोडायची नसते. एका वर्षी मोजणी आठवडाभर पुढे गेली होती. त्या वर्षी काका तिची तयारी करत बसले. बाईंनी हे काही बोलून दाखवलं नाही. त्या उठून वह्या तपासायला गेल्या, आणि काकांना आपण नेमकं कशात हरलो ते कळलं नाही, पण हरलो एवढं नक्की कळलं. त्यांनी त्याच क्षणी ठरवलं की हे चाळीस फोटो असे करून दाखवायचे, की शाळेने तोंडात बोट घालावं.

वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर मदतीला आला. त्याला मदतीला बोलवावं लागत नसे. जिन्यात मोबाइल वाजला तरी तो खाली यायचा. त्याने काकांच्या फोनमध्ये फोटोवर लिहायचं एक अ‍ॅप घालून दिलं आणि डॉक्टर औषध समजावून सांगतात तसं समजावून सांगितलं.

"काका, यात सहाशे प्रकारची अक्षरं आहेत."

सहाशेपैकी मराठी लिहू देणारी दोनच निघाली. एक निमंत्रणपत्रिकेवर असतात तशी वेलांट्यांना वेल फुटलेली आणि दुसरी भुताच्या गोष्टीच्या मुखपृष्ठावर असतात तशी, खालून ठिबकणारी. काकांनी विचारपूर्वक पहिली निवडली.

फोटो कागदी होते, म्हणून आधी फोटोंचे फोटो काढणं आलं. काकांनी चाळीसही फोटो जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि वरून एकेक टिपला. मग स्टोअरच्या शिस्तीप्रमाणे, माल ताब्यात घेण्याआधी एकावर खूण करून बघावी म्हणून त्यांनी पहिल्या फोटोवर 'नमुना' असा शब्द टाइप केला. तो नेमका बाईंच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. तो हलवायला एक बोट लावलं तर तो मोठा झाला. दोन बोटं लावली तर तिरका झाला. शेवटी काकांनी फोनच तिरका धरला आणि शब्द सरळ आहे असं जाहीर केलं. खाली एक हिरवं बटण होतं. त्यावर 'सर्वांना लागू करा' असं लिहिलेलं होतं, आणि लिहिलेल्या सूचना पाळायच्या असतात, हा तर काकांच्या आयुष्याचा पायाच होता.

पाच मिनिटांत मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि फोटो बघायला मिळावेत म्हणून काकांनी सगळे तिला पाठवले होते.

"बाबा, आईच्या तोंडावर 'नमुना' का लिहिलंय?"

"ती चाचणी आहे."

"चाळीस वेळा?"

काकांनी फोन कानापासून लांब धरून पाहिलं. चाळीसही फोटोंवर, मधोमध, वेल फुटलेल्या अक्षरांत 'नमुना' होतं. पहिली नोकरी लागल्याच्या दिवशी नमुना, सहलीच्या बसमध्ये नमुना, शिक्षणाधिकाऱ्यांशी बोलताना नमुना. शिक्षणाधिकाऱ्यांच्या तोंडावरही एक अर्धा आलाच होता.

"पुसता येतं ना ते?" मुलीने विचारलं.

"पुसायचं कशाला? पुन्हा काढतो," काका ताठपणे म्हणाले. चूक मान्य करणं आणि काम पुन्हा करणं या काकांच्या मते दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत्या.

पुन्हा काढलेल्या फोटोंपैकी अकरांत काकांचा अंगठा आला. अंगठा खालच्या कोपऱ्यात होता, जाडजूड आणि आत्मविश्वासाने भरलेला. इंजिनिअर म्हणाला, "कडा कापून टाकू, काका. क्षणाचं काम." काकांनी नकार दिला. मूळ नोंदीत खाडाखोड त्यांनी पस्तीस वर्षांत केली नव्हती, ती आता निवृत्तीनंतर करणार होते थोडेच!

मग खरं काम सुरू झालं. काय लिहायचं? काकांना यात फार विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांनी एक वही घेतली, तीत वस्तू, नग, स्थिती आणि शेरा असे चार रकाने आखले, नाकावर चष्मा चढवला आणि पहिला फोटो जवळ ओढला. बाईंचा पहिलाच वर्ग होता तो. बाई पंचवीस वर्षांच्या, हातात छडीसारखी धरलेली पट्टी, समोर दोन वेण्यांच्या मुलींचा घोळका. काकांनी दोनदा मोजलं आणि लिहिलं: 'शिक्षिका १. विद्यार्थिनी ३८, पैकी डोळे मिटलेल्या ४. फळा १, उजवा कोपरा तुटलेला. खडू मोजता आले नाहीत.'

वाचून त्यांना समाधान वाटलं. एक शब्द जास्त नव्हता, एक कमी नव्हता, आणि उद्या कोणी तपासणीला आलं तरी बोट ठेवायला जागा नव्हती. अंगठ्याच्या फोटोंत ते प्रामाणिकपणे शेवटी लिहीत गेले, 'अंगठा १ (कार्यक्रमाशी संबंध नाही).'

अ‍ॅपचा एक जाच होता. प्रत्येक फोटो जतन करताना अर्ध्या मिनिटाची जाहिरात बघावी लागायची, आणि जाहिरात एकाच कंपनीची, डोक्यावर केस उगवण्याच्या तेलाची. काकांच्या डोक्यावर गेली वीस वर्षं काहीही नव्हतं आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. पण पंधराव्या फोटोपर्यंत ते जाहिरात मन लावून बघू लागले आणि तिसाव्याला त्यांनी आरशात डोकावून पाहिलं.

एका दुपारच्या कामाला पाच दिवस लागले. मंगळवारी सकाळी काका शाळेच्या ऑफिसात हजर झाले. बाई वर्गावर होत्या तेवढ्यात काम उरकायचं होतं. हेडक्लार्कने फोन हातात घेतला, फोटो आपल्या संगणकावर घेतले आणि मान हलवली.

"वजन जास्त आहे, काका."

"कशाचं?"

"फोटोंचं. एकेक फोटो दोनशेच्या आत बसला पाहिजे."

काकांनी आयुष्यभर लोखंडी पाइपांचं वजन केलं होतं. कागदाशिवायच्या फोटोला वजन असतं आणि ते जास्तही भरतं, हे त्यांना नवीन होतं. पण मर्यादा ठरवून दिलेली असली की काकांना बरं वाटत असे. ते घरी आले, इंजिनिअरने वजन उतरवून दिलं, आणि काका पुन्हा गेले. आता हेडक्लार्कने मजकुराची छापील यादी मागितली, तीही दोन प्रतींत. काका पुन्हा घरी आले आणि पुन्हा गेले. तेव्हा कुठे हेडक्लार्कने जाडजूड रजिस्टर उघडलं, फोटोंच्या संचाला आवक क्रमांक एकशे चौदा दिला, यादीवर शिक्का मारला आणि एक प्रत परत केली.

काकांना भरून आलं. या जगात शिक्का, दोन प्रती आणि आवक क्रमांक यांची किंमत कळणारा आणखी एक माणूस जिवंत होता. दोघांनी एकमेकांकडे आदराने पाहिलं आणि निरोप घेतला.

हा आदर बुधवारपर्यंत टिकला. बुधवारी कार्यक्रम समितीने काकांना बोलावून घेतलं. समितीचे प्रमुख चित्रकलेचे सर होते. त्यांच्या हातात काकांची छापील यादी होती आणि चेहऱ्यावर सावध नम्रता होती.

"काका, मेहनत दिसतेच आहे. पण हा निरोप समारंभ आहे हो. जप्तीचा पंचनामा नाही."

"म्हणजे?"

"आता हेच बघा. 'शिक्षिका १.' सगळ्या फोटोंत 'शिक्षिका १.' बाई एकच असणार ना!"

"मग चूक कुठे आहे?"

सरांनी एक दीर्घ श्वास घेतला. "चूक नाही. भावना नाही. थोडी भावना हवी होती."

"कुठल्या फोटोत दिसली ते दाखवा," काका म्हणाले, "मी नोंद घेतो."

सरांनी हात टेकले. पण समितीचा निर्णय झाला होता. शुक्रवारी दुपारपर्यंत भावनापूर्ण मजकुराचा नवा संच हवा होता. काका घरी परतले ते खांदे पाडून. पस्तीस वर्षांत त्यांच्या नोंदीला कोणी पंचनामा म्हटलं नव्हतं. म्हणजे, ते पंचनामाच करत असत, पण कोणी तसं तोंडावर म्हटलं नव्हतं. मनात एकच विचार घोळत होता. 'एक तरी नीट करा' असं म्हणून बाईंनी डबा पुढे केला होता, आणि तेही हातचं चाललं होतं.

समोरच्या दारातल्या काकू कविता करत. त्या गेली दहा वर्षं अशाच संधीची वाट बघत होत्या. काकांचं काम ऐकताच त्या तीन वह्या घेऊन आल्या. पहिल्या फोटोकडे बघून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "लिहा. ज्ञानाच्या वाटेवर अखंड चालणारी ज्योत."

काकांनी पेन थांबवलं. "ज्योत चालते कशी?"

"कवितेत चालते."

"आणि फोटोत ती कुठे आहे? मला एक पट्टी दिसते आहे."

"भाऊजी," काकू म्हणाल्या, "तुम्ही फक्त लिहून घ्या बघू."

काकांनी दाताखाली ओठ धरून लिहून घेतलं. सहलीच्या बसला 'स्वप्नांचं गलबत' झालं. हजेरीपटाला 'काळाच्या हातावरची रेषा' झालं. शाळेच्या शिपायाच्या फोटोला काकूंनी 'मौनाचा डोंगर' म्हटलं, तेव्हा तर काकांना राहवलं नाही, कारण तो शिपाई त्यांना चांगला माहीत होता आणि त्याच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असे. पण ते मूग गिळून बसले. तेलाच्या आणखी चाळीस जाहिराती बघून त्यांनी दुसरा संच पुरा केला. अंगठ्यांबद्दल काकू म्हणाल्या, "'मागे उभा असलेला आधार' असं लिहा." हे मात्र काकांना पटलं.

शुक्रवारी दुपारी हेडक्लार्कने दुसरा संच बघितला आणि रजिस्टर उघडलं.

"एकशे चौदा आधीच नोंदलेला आहे. म्हणजे ही दुरुस्ती झाली. दुरुस्तीला अर्ज लागतो, काका."

"लागलाच पाहिजे," काका म्हणाले. हे ऐकूनच त्यांना निम्मा धीर आला. त्यांनी जागच्या जागी दोन प्रतींत अर्ज लिहिला.

"सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने होऊन जाईल," हेडक्लार्क म्हणाला आणि अर्ज फायलीत ठेवला.

शनिवारी कार्यक्रम चार वाजता होता. काका तीन वाजताच इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. शाळेचं सभागृह ते पहिल्यांदाच आतून बघत होते. सवयीने त्यांनी पंखे मोजले. ते अठरा होते आणि त्यांतले दोन बंद होते. हळूहळू सभागृह भरलं. आजी विद्यार्थी आले, माजी आले, माजींची मुलं आली, भिंतीला टेकून लोक उभे राहिले. मंचावर संस्थेचे अध्यक्ष, पाहुणे आणि सगळे शिक्षक खुर्च्यांवर बसले. मधोमध ऑफिसातला जुना कोच आणून ठेवला होता. त्यावर बाई एकट्या बसल्या होत्या. शेजारी पुष्पगुच्छांचा ढीग साठला होता. बाईंनी पहिल्या रांगेत काकांना पाहिलं, आणि शाळेतली कुठलीतरी तक्रार ऐकताना बघतात तसं, खात्री करून घेत पुन्हा पाहिलं. काकांनी हात हलवला. आता फक्त ज्योत लागायची बाकी होती.

दिवे मंद झाले. भिंतीवर पहिला फोटो आला, आणि त्याखाली, वेल फुटलेल्या हातभर अक्षरांत: 'शिक्षिका १. विद्यार्थिनी ३८, पैकी डोळे मिटलेल्या ४. फळा १, उजवा कोपरा तुटलेला. खडू मोजता आले नाहीत.'

सभागृहाने मजकूर वाचला. मग हशा फुटला.

काका ताडकन उठले. ते वाकून, लोकांचे पाय तुडवत, बाजूच्या टेबलापाशी गेले. तिथे हेडक्लार्क संगणक चालवत होता.

"हा पहिला संच आहे!"

"हो. नोंदलेला तोच आहे."

"आणि माझा अर्ज?"

"सहीसाठी थांबलाय."

"कोणाच्या?"

"मोठ्या बाईंच्या. दुरुस्ती मंजूर करायचे अधिकार त्यांनाच आहेत," हेडक्लार्क कुजबुजला. "पण मजकूर त्यांना दाखवायचा नाही, असा समितीचा ठराव आहे. मग अर्ज त्यांच्यापुढे ठेवणार कसा?"

 या युक्तिवादात काकांना एकही भोक सापडेना. हेडक्लार्कच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं. ते मान खाली घालून जागेवर परत आले. आता त्यांना फक्त अठरा पंख्यांपैकी एखादा आपल्या डोक्यावर पडला तर बरं असं वाटत होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक जाडसर, पिकल्या केसांची बाई उभी राहिली आणि ओरडली, "मोठ्या बाई, फळ्याचा कोपरा मी तोडला होता! डबा फेकून! आज सांगते!"

"मला माहीत होतं," बाई मंचावरूनच म्हणाल्या, आणि सभागृह पुन्हा हसलं. पण आताचा हशा वेगळा होता.

दुसरा फोटो आला. 'शिक्षिका १. बस १. विद्यार्थी ५२, आसने ४०. वांती करणारा १, डावीकडून तिसरा.' डावीकडून तिसरा हजर होता, तो आता डॉक्टर झाला होता, आणि त्याला शेजाऱ्यांनी ओढून उभं केलं. 'छत्र्या ६, पैकी उघडलेली १, तीही वर्गात.' छत्रीवाली हात वर करून नाचायला लागली. प्रत्येक फोटोला कोणीतरी उठत होतं. तुटक्या बाकाचा मालक निघाला, हरवलेल्या बुटाचा मालक निघाला, मिटलेल्या डोळ्यांच्या चौघींपैकी तिघी निघाल्या. अंगठा भिंतीवर पहिल्यांदा आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा 'अंगठा! अंगठा!' असा गजर केला. चित्रकलेचे सर डोळे पुसत हसत होते. काकांची मान हळूहळू वर आली. पाचव्या अंगठ्याला ते उठून, मागे वळून, लोकांना किंचित झुकून नमस्कार करून खाली बसले. एकशे चौदा हा एकूण चांगलाच संच होता.

मग एकोणतिसावा फोटो आला.

बाई मंचावर बसलेल्या, गळ्यात पदक, चेहरा उजळलेला. त्या वर्षी त्यांना उत्कृष्ट शिक्षिका म्हणून गौरवलं होतं. खाली लिहिलेलं होतं: 'शिक्षिका १. पदक १. पाहुणे ४. खुर्च्या ६, पैकी रिकामी १.'

लोक हसायच्या तयारीतच होते, ते हसले. काकाही हसायला लागले आणि मधेच थांबले. बाईंच्या शेजारच्या त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर एक कागद चिकटवलेला होता. टेबलावर, बोटभर फोटोत तो त्यांना पांढरा ठिपका दिसला होता. ठिपका ही वस्तू नाही म्हणून त्यांनी त्याची नोंद घेतली नव्हती. आता भिंतीवर तो हातभर मोठा झाला होता आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाचता येत होता. बाईंचंच अक्षर होतं. 'राखीव' असलं काही त्या कागदावर नव्हतं. साधे तीन शब्द होते. 'आमचे हे येतील.'

सभागृहातला हशा विरत विरत थांबला. काकांना ते वर्ष आठवलं. त्या आठवड्यात ते चारशे बारा झडपा मोजत होते, आणि चारशे बाराच भरल्या म्हणून खुशीत घरी आले होते. बाईंनी पदक दाखवलं होतं. "छान," असं म्हणून त्यांनी त्याच्या पेटीवर 'पदक' अशी चिठ्ठी लावली होती. खुर्चीबद्दल बाई एका शब्दानेही बोलल्या नव्हत्या. काकांना लाज वाटली, नुसती वाटली नाही, कानापर्यंत चढली. आयुष्यभर सगळ्या वस्तूंना चिठ्ठ्या लावणाऱ्या माणसासाठी बायकोने एक चिठ्ठी लावून ठेवली होती आणि ती त्याने वाचलीच नव्हती.

हेडक्लार्क तिसाव्या फोटोचं बटण दाबणार, तेवढ्यात काका उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले. मोजणीच्या वेळी गोदामाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा असा तो आवाज होता. "या नोंदीत चूक आहे."

चित्रकलेचे सर अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

"खुर्ची रिकामी, एक, एवढंच लिहिलंय. कारण लिहायचं राहिलं," काका म्हणाले. त्यांचा आवाज कुठेही कापला नाही, पण हात शर्टाच्या बटणाशी चाळा करत होते. "कारण मी आहे. मी यायला हवं होतं. त्या वर्षी, आणि आधीही, आणि नंतरही. मोजणी दुसऱ्याला करता आली असती. एवढं नोंदवून घ्या."

 मंचावर बाईंनी माइक जवळ ओढला.

"कारण मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आता खाली बसा."

काका बसायला लागले.

"तिथे नाही हो," बाई म्हणाल्या. "इथे या."

पायऱ्या पाच होत्या. काकांनी त्या मोजल्या नाहीत. मंचावर एकही खुर्ची रिकामी नव्हती. अध्यक्ष आपली द्यायला उठले, तर बाईंनी त्यांना हातानेच बसवलं. मग त्यांनी कोचावरचे पुष्पगुच्छ एकेक करून उचलले, खाली ठेवले, आणि सरकल्या. काका शेजारी बसले, अगदी काठावर, गुडघ्यांवर हात ठेवून. सभागृहातून ज्या टाळ्या आल्या त्यांच्याकडे कसं बघावं हे त्यांना कळेना, म्हणून ते बाईंकडे बघत राहिले. बाईंचे डोळे भरलेले होते आणि त्या अजिबात पुसत नव्हत्या.

हेडक्लार्क टेबल सोडून मंचापुढे आला होता. त्याने फोन उभा धरून दोघांचा फोटो काढला, नीट आला की नाही ते पाहिलं, आणि रजिस्टरच्या माणसाला शोभेल अशा काळजीने विचारलं, "हा एक्केचाळिसावा झाला. याच्याखाली काय लिहू?"

काकांनी घसा साफ केला, पण बाई आधी बोलल्या.

"काही लिहू नका. दिसतंय ना."

काकांनी थोडा वेळ दम धरला. त्यांनी खरोखर प्रयत्न केला. मग ते बाईंच्या कानाशी वाकले.

"अगं, निदान तारीख तरी?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि बघता बघता त्यांना हसू फुटलं.

"टाका तारीख," त्या हेडक्लार्कला म्हणाल्या. "आजची."